वैनी, हसण्यासारखं काहीतरी सांगा

उपसरपंच आला तेव्हा मी ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. त्याच्या मागे आणखी दोघंतिघं, सगळ्यांचे कपडे पांढरेशुभ्र आणि सगळ्यांचे डोळे मोबाईलमध्ये. नात्यानं तो माझा लांबचा दीर लागतो, त्यामुळे 'बसा' म्हणायची वाट न बघता बाजेवर बसला आणि माझ्याच सुपातल्या शेंगा सोलून दाणे तोंडात टाकायला लागला.

"वैनी, गावानं दादांचा गौरव करायचं ठरवलंय," तो म्हणाला. "आपल्या गावचा माणूस इतकी वर्षं टीव्हीसाठी लिहीत होता, आख्ख्या महाराष्ट्राला हसवलं, आन आपून साधा हार घातला न्हाई. बरं दिसत न्हाई ते."

"जिवंत होते तवा कावून न्हाई घातला? आख्खा पावसाळा ह्याच बाजेवर बसून होते की. मान बी वाकवून दिली असती."

"तुमी बी ना वैनी," म्हणून तो हसला. तो उत्तर द्यायला आलाच नव्हता. शाळेच्या मैदानावर मंडप टाकायचा, मोठे साहेब येणार, ह्यांच्या मालिकेतले दोन-चार तुकडे पडद्यावर दाखवायचे, हे सगळं त्यानं सांगून टाकलं. "आन शेवटी तुमी दोन शब्द बोलायचे."

"मी? मी काय बोलू?"

"हसण्यासारखं काहीतरी सांगा. घरातलं. दादा घरी काय गंमती करायचे, तुमाला कसं हसवायचे. लोकांना तेच ऐकायचं असतंय."

ते गेले, अर्ध्या शेंगाही गेल्या. मी तशीच बसून राहिले. म्हटलं, आठवेल एखादी. इतक्या वर्षांचा संसार, एक गंमत निघणार नाही होय? राहिलेल्या शेंगा सोलून झाल्या, म्हैस पिळून झाली, दिवा लावला. एकसुद्धा आठवली नाही.

खरं सांगायचं तर आमचे हे घरी विनोद करत नव्हते. कमी करत होते असं नाही, करतच नव्हते. लग्नाकार्यात, बाजारात बायका मला म्हणायच्या, "तुमचं बरंय बाई, घरात चोवीस तास हसणं!" मी 'हो' म्हणून पुढे जायचे. मिठाईवाल्याच्या घरी गोड खात नाहीत हे लोकांना पटतं, पण हसवणाऱ्याच्या घरी कोणी हसत नाही हे कोणाला पटत नाही. मग कशाला तोंड दुखवा?

लग्नाआधी हे गावात शाळेच्या गॅदरिंगची नाटुकली बसवायचे. सासूबाई सांगायच्या, स्वतः कधी पुढे आलेलं पोर नाही, पडद्यामागून दुसऱ्यांना बोलणं सांगायचं. आमचं लग्न झालं आणि दुसऱ्याच वर्षी हे मुंबईला गेले. आधी नाटकवाल्यांकडे पडेल ते काम. मग कोणीतरी एक प्रवेश नीट करून मागितला, मग एक भाग, आणि करता करता ती मालिका आली, चिडक्या म्हाताऱ्याची. भल्या मोठ्या मिशांचा तो म्हातारा ज्याच्या त्याच्या अंगावर जायचा आणि लोक पोट धरून हसायचे. वर्षानुवर्षं चालली. आमच्या जत्रेत त्या म्हाताऱ्याचे मुखवटे विकायला आले होते. पोरं मिशा लावून फिरत होती आणि ते बोलणं ज्यांनी लिहिलं त्यांच्या आई त्याच जत्रेत बांगड्या भरत होत्या, तर त्यांना कोणी ओळखलं नाही.

मालिकेच्या सुरुवातीला ह्यांचं नाव यायचं. सासूबाई चष्मा पुसून तयार बसायच्या, तरी नाव यायचं आणि त्यांना दिसायच्या आत पळायचं.

"गेलं का गं?"

"गेलं."

"बरोबर लिव्हलं हुतं ना?"

"बरोबर होतं."

एवढं झालं की त्या समाधानानं चष्मा काढून ठेवायच्या. पुढचं बघण्यात त्यांना रस नव्हता.

मला तर तो म्हातारा मुळीच आवडला नाही. दोन-चार भाग बघितले असतील. एक तर तो बोलायचा तिकडच्या कोल्हापुरी ढंगात, आणि तोंडाला काही ताळतंत्र नाही, लहान नाही मोठा नाही. शिवाय आमच्याकडची लाईट नेमकी त्याच वेळी जायची. सासूबाई गेल्यावर टीव्हीवर कापड टाकलं ते टाकलं. एकटीनं काय बघायचं? माझा फोन बटणांचा, त्यात बोलण्यापलीकडे काही होत नाही. एकदा मी ह्यांना फोनवर म्हटलंसुद्धा, "तुमच्या त्या म्हाताऱ्याच्या तोंडाला काही लगाम हाय का न्हाई? असं बोलतंय का कुणी चार माणसांत?"

हे "हं" म्हणाले. आणि थोड्या वेळानं चक्क हसले. ह्यांचं हसणं म्हणजे मृगाचा किडा, दिसला तर दिसला.

"हसायला काय झालं?"

"काही नाही. मग? त्या वायरमनचं काय झालं?"

मी मुंबईला एकदा राहून आले. खोलीत हे खिडकीशी बसून लिहायचे, शेजारची दारं लावलेली. बोलायला माणूस नाही म्हणून मी भांड्यांशी बोलायला लागले. इकडे सासूबाई एकट्या, जमीन, म्हैस. परत आले ती आलेच. मूलबाळ झालं नाही. त्यामुळे हे तिकडे, मी इकडे आणि मध्ये फोन, असा आमचा संसार झाला.

फोन मात्र रोज यायचा. दिवेलागणीला. मी चुलीपुढे, फोन खांदा आणि कानाच्या मध्ये धरलेला, हातात पीठ. बोलायचे सगळं मीच. वायरमन आला नाही, बोरवाला आला आणि पाण्याऐवजी वाळू काढून गेला, बचत गटात कोण कोणाला काय म्हणालं, युसूफवडगावच्या बाजारात मिरचीवाल्यानं मला 'आजी' म्हटलं आणि मी त्याचं काय केलं. ह्यांच्या वाट्याला दोनच शब्द होते. 'हं' आणि 'मग?' मी बोलून दमले, थांबले की पलीकडून 'मग?' यायचं आणि मी पुन्हा सुरू. कधी कधी मी चिडायचे. "हाय का तिकडं कुणी, का मी भिताडाला सांगायले?" "हं. मग?"

घरी यायचे ते येळवशीला. मार्गशीर्षातली ती अमावास्या आमच्या भागात दिवाळीपेक्षा मोठी. शेतात कडब्याची कोप, म्हणजे खोपटी, करायची, आत पांडवांचे दगड मांडायचे, पालेभाज्या-शेंगांची भज्जी आणि ताकातली आंबील डोक्यावरून घेऊन जायची आणि रस्त्यानं जाणाऱ्या कोणालाही हाक मारून जेवू घालायचं. मुंबईला काय वाट्टेल ते होवो, हे त्या दिवशी हजर. आदल्या संध्याकाळी घाटनांदूरच्या स्टेशनवर उतरायचे, दारात पिशवी ठेवायचे आणि मी दरवर्षी तेच म्हणायचे, "तुमची वाट बघून बघून उंबरा झिजला." हे उंबऱ्याकडे खाली बघायचे, खरंच झिजलाय का ते बघितल्यासारखे, आणि आत यायचे.

दुसऱ्या दिवशी आंबील पिऊन सगळं शेत आडवं व्हायचं. हेसुद्धा कोपीच्या सावलीत डोळ्यांवर हात घेऊन पडायचे. मी वर्षाचं राहिलेलं सांगत बसायचे. वाटायचं, झोपले. मी गप्प व्हायचे. हाताखालून आवाज यायचा, "मग?"

मालिका संपली तेव्हा हे कायमचे घरी आले. छातीत दुखत होतं, अंबाजोगाईला दाखवलं, गोळ्या दिल्या, जपा म्हणाले. पावसाळाभर ओसरीच्या बाजेवर बसून होते. येणारे-जाणारे 'काय दादा, आता नवीन काय?' विचारायचे, हे मान हलवायचे. आणि येळवशीच्या तोंडावर गेले. संध्याकाळची वेळ होती. मी आत चुलीपुढे, हे बाहेर बाजेवर, दार उघडं. मी बोरवाल्याचं काहीतरी सांगत होते. सांगून थांबले. 'मग?' आलं नाही. म्हटलं, डोळा लागला असेल. मी भाकरी करत राहिले. सगळ्या भाजून झाल्यावर बाहेर येऊन बघितलं.

तर हा असा माझा संसार आणि त्यातलं हसण्यासारखं सांगायचं. मी शेजारी जावेकडे गेले. तिला विचारलं, "ह्यांनी घरात कधी गंमत केल्याचं तुला आठवतंय का गं?"

"एक का?" जाऊ पोळपाट बाजूला सारून बसली. "मी एकदा भाऊजींना विचारलं, टीव्हीतल्या बाया एवढं सोनं घालून सैपाक कसा करत असतील? तर म्हणले, त्या सैपाक करत न्हाईत म्हणून तर सोनं राहिलंय. केला असता तर मोडून सिलेंडर आणावं लागलं असतं." आणि ती हसून हसून लाल झाली.

मी हसले नाही. मला हे माहीतच नव्हतं.

मग कळलं की गावात ज्याच्या-त्याच्याकडे एक आहे. शिंप्याकडे आहे, गिरणीवाल्याकडे आहे. न्हाव्यानं तर मला रस्त्यात थांबवून सांगितलं. म्हणे, एका येळवशीला दाढी करताना त्यानं विचारलं, मिशी उतरवू का, तर हे म्हणाले, "राहू दे बाबा. वर्षातून एकदा घरी येतो, बायकोला ओळख पटायला काहीतरी पाहिजे." न्हावी हसत होता. मी मान खाली घालून घरी आले. ते मला नाही म्हणाले, न्हाव्याला म्हणाले.

त्या आठवड्यात मी जेवढी एकटी पडले, तेवढी ह्यांच्या दहाव्यालासुद्धा पडले नव्हते. तेव्हा घर भरलेलं होतं. आता विचार एकच. सगळ्या जगाला ह्यांनी काही ना काही दिलं, न्हाव्याच्या पदरातसुद्धा टाकलं आणि माझ्या पदरात काय, तर 'हं'. मी ह्यांची बायको होते का घराची राखणदार? कार्यक्रमात उभी राहून काय सांगू? काही सांगितलं नाही तर सगळ्या गावाला कळेल की हिला नवऱ्याचं काहीच ठाऊक नाही. लोकांना कळेल ते परवडलं, पण मला ते स्वतःच्या तोंडून ऐकायचं नव्हतं.

जाऊ म्हणाली, "माझी सोन्याची गंमत सांगा की. तुमचीच समजा."

"नवऱ्याची आठवण उसनी घ्यायला ती काय वाटीभर साखर हाय?" मी तिच्यावर ओरडले. बिचारीचं काही चुकलं नव्हतं.

मध्येच उपसरपंच फ्लेक्ससाठी फोटो मागायला आला. माझ्याकडे दोनच. एक लग्नातला, त्यात हे खाली बघतायत आणि अर्धं तोंड मुंडावळ्यांत. दुसरा आधार कार्डावरचा, त्यात कोणाचंच तोंड ओळखू येत नाही. फोटो काढून घ्यायचा ह्यांना कंटाळा होता. उपसरपंच म्हणाला, "राहू द्या वैनी, मोबाईलवर मालिकेचं नाव टाकलं की दादांचे ढिगानं फोटो येतील. फ्लेक्सवाला बघून घेईल." मी म्हटलं, बघू दे.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपार कलल्यावर जाऊ मला घ्यायला आली. शाळेच्या वळणावरूनच तो फ्लेक्स दिसला. घराएवढा. वर मोठ्या अक्षरात 'स्वर्गीय', खाली ह्यांचं नाव, बाजूनं झेंडूचा छापील हार आणि हाराच्या आत मिशा फुलवून, डोळे वटारून बसलेला तो मालिकेतला म्हातारा. म्हणजे तो नट. तो नट चांगला धडधाकट आहे, त्या वेळीसुद्धा कुठंतरी बसून चहा पीत असेल.

जाऊनं तोंडावर पदर घेतला. मी सरळ उपसरपंचाकडे गेले.

"हे कोण?"

"दादा," तो फोनवर बोलता बोलता म्हणाला.

"कुणाचे दादा?"

तेव्हा त्यानं पहिल्यांदा वर बघितलं. त्याच्या कानाजवळचा फोन हळूहळू खाली आला. फ्लेक्स सकाळपासून तिथं होता. खालच्या ओळींत साहेब, सरपंच, उपसरपंच, सोसायटीचे चेअरमन, झाडून सगळ्यांची तोंडं होती आणि प्रत्येकानं येऊन आपलं तोंड नीट आलंय का ते तपासून घेतलं होतं. मधल्याकडे बघायचं काम कोणाचंच नव्हतं. फ्लेक्सवाल्याला बोलावलं. त्याचाही फोटो कोपऱ्यात होताच.

"मालिकेचं नाव टाकलं, तर पहिले ह्येच आले," तो म्हणाला. "मला वाटलं, म्हातारपणी दादा असे दिसायला लागले असतील."

काढायला वेळ नव्हता, साहेबांची गाडी शाळेच्या फाटकात आली होती. मग कोणीतरी सत्काराची शाल आणून फ्लेक्सवरच्या तोंडावर लटकवली. शाल केवढी, तोंड केवढं. डोळे झाकले गेले, मिशा बाहेर. साहेबांनी आल्या आल्या फ्लेक्सला हात जोडले. वारा आला, शाल एका बाजूनं सुटली आणि म्हातारा एका डोळ्यानं सगळ्या मंडपाकडे बघायला लागला. साहेब भाषणात म्हणाले, "मी त्यांना लहानपणापासून ओळखत होतो. त्यांच्या चेहऱ्याकडे बघूनच हसू यायचं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी जावेचा हात इतका आवळला की तिची बांगडी फुटली.

मालिकेचे तुकडे दाखवायची वेळ झाली आणि लाईट गेली. सवयच तिची. पडदा तसाच पांढरा राहिला. बॅटरीवर माईक तेवढा चालू होता, म्हणून उपसरपंचानं घाईघाईनं पुकारलं, "आता वैनी दादांच्या घरातल्या गमतीजमती सांगतील!"

उभी राहिले. समोर सगळं गाव, पुढे पोरं मांडी घालून बसलेली. काहीच सुचेना. मागे वळून बघितलं तर शाल आता एका खिळ्याला लोंबत होती आणि हारातला म्हातारा माझ्यावर डोळे वटारून होता. माझ्या नवऱ्याच्या नावावर, माझ्या नवऱ्याच्या हारात! डोक्यात अशी तिडीक गेली की मी माईक ओढून घेतला.

"हसण्यासारखं सांगा म्हणलेत मला," मी म्हटलं. "माझ्याकडं न्हाई. आन ह्यो माणूस माझा नवरा न्हाई."

मंडपात खसखस पिकली.

"हसायला काय झालं? माझा नवरा गेला आन तुमी दुसरीच्या जित्या नवऱ्याला हार घातलाव. त्याच्या बायकोला कळलं तर ती काय म्हणंल? खाली एक तोंड सुटलं न्हाई. ज्याच्या दारात कुत्रं थांबत न्हाई, त्याचा बी फोटो हाय. वऱ्हाड समदं जमलं, आन नवरदेव तेवढा इसरला!"

लोक आता मोठ्यानं हसत होते. मला समजेना. मी रागानं बोलत होते, खऱ्या रागानं, डोळ्यांत पाणी आलं होतं आणि प्रत्येक वाक्याला मंडप फुटत होता. साहेबसुद्धा मांडीवर थाप मारत होते. मी आणखी भडकले. बांबूला टेकून उभ्या असलेल्या फ्लेक्सवाल्याकडे बोट केलं.

"आन तुला काय म्हणू बाबा? अक्कल वाटत होते तवा..."

आणि माझं तोंड उघडं असतानाच पुढच्या पोरांपासून मागच्या बायांपर्यंत सगळा मंडप एका आवाजात ओरडला, "...चाळणी घेऊन गेलतास का!"

मी फ्लेक्सवाल्यावरचं बोट खाली घेतलं.

हे माझं होतं. वायरमनला पहिल्यांदा म्हटलं होतं मी, त्यानं खांबावरची दुसऱ्याच घराची तार तोडली तेव्हा. त्याच संध्याकाळी फोनवर सांगितलं होतं. गावातली पोरं चिंचा पाडताना मलाच उलट असं म्हणायची, तर मी समजायचे, मला ऐकून ऐकून शिकली कार्टी.

पुढे बसलेली एक बाई शेजारणीला म्हणाली, मला स्पष्ट ऐकू आलं, "अगं बया, म्हाताराच बोलायलाय जणू!"

खात्री करायची होती आणि करायची भीतीही वाटत होती. एक बोलणं असं होतं, जे मी ह्यांच्याशिवाय दुसऱ्या कोणाला कधीच म्हटलं नव्हतं. वर्षातून एकदा, दारात, पिशवी खाली ठेवताना. मी माईक तोंडाशी धरला आणि हळूच म्हटलं, "तुमची वाट बघून बघून..."

"...उंबरा झिजला!" पोरं ओरडली.

जावेनं नंतर सांगितलं, म्हातारा हे रोज सकाळी दूधवाल्याला म्हणायचा म्हणे. सगळ्या महाराष्ट्राला पाठ होतं. मिशावाल्या माणसाच्या तोंडात होतं म्हणून एवढी वर्षं मलाच ओळखू आलं नाही. आणि मीच त्या म्हाताऱ्याला तोंडाळ म्हणत होते.

पुढे मी काय बोलले ते नीट आठवत नाही. खाली बसले. आधी राग आला, ह्यांचाच. विचारायचं तरी! माझा उंबरा, माझं वाट बघणं, दूधवाल्याला देऊन टाकलं? ते दारात उभे असते तर चांगलं फैलावर घेतलं असतं. मग लाज वाटली, की घरातलं सगळं असं चव्हाट्यावर. आणि ह्या दोन्हींच्या खाली इतकं बरं वाटत होतं की कोणाला सांगता येणार नाही. कोपीच्या सावलीत हे झोपलेले नव्हते. फोन ठेवून दुसरीकडे गेलेले नव्हते. मी बोललेला एक शब्द त्या माणसानं खाली पडू दिला नव्हता.

कार्यक्रम संपल्यावर उपसरपंच शाल-नारळ घेऊन आला. शाल तीच, म्हाताऱ्याच्या तोंडावरची. "वैनी, मैदान मारलं तुमी!" तो म्हणाला. "दादांनी घरी शिकवलं आसंल न्हाई का?"

"हं," मी म्हटलं.

जावेनं दारापर्यंत सोडलं. 'आमच्याकडंच जेवा आज' म्हणाली, मी नको म्हटलं. दिवेलागण झाली होती. दिवा लावला, चूल पेटवली, पीठ मळायला घेतलं. दार उघडं ठेवलं, ओसरी दिसेल असं. आणि मला एकदम हसू आलं. शाल सुटून तो एका डोळ्यानं बघणारा म्हातारा, त्याला हात जोडणारे साहेब, 'म्हातारपणी असे दिसत असतील' म्हणणारा फ्लेक्सवाला. पिठाचे हात तसेच धरून मी एकटीच पोट दुखेपर्यंत हसले. मिळाली की हसण्यासारखी आठवण! चांगली खणखणीत, जावेकडे नाही अशी, न्हाव्याकडे नाही अशी.

"अहो, आज काय झालं म्हाईत हाय का," मी म्हटलं आणि सांगायला लागले. पहिल्यापासून. उपसरपंचानं शेंगा खाल्ल्या तिथपासून. भाकरी थापत होते, तव्यावर टाकत होते, सांगत होते. फ्लेक्स सांगितला, शाल सांगितली, साहेब सांगितले. "तर त्यो फ्लेक्सवाला म्हणतो कसा..." म्हटलं आणि त्याचं उत्तर सांगून सवयीनं थांबले.

'मग?' आलं नाही.

ह्या वेळी मी लगेच मागे वळून बघितलं. बाजेवर सकाळी सोललेल्या तुरीच्या टरफलांचं सूप होतं.